‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’: या मेसेजवर विसंबू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर अनेकांनी जुना लॅपटॉप फॉरमॅट मारून त्यावर विंडोज ११ टाकायला घेतली, आणि त्याबरोबर एक मेसेज ग्रुपांवर फिरतो आहे. तो आहे ड्रायव्हरांबद्दल, म्हणजे वायफाय, साउंड असे लॅपटॉपचे भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. मजकूर थोडक्यात असा: ‘विंडोज टाकून झाली की ड्रायव्हर अपडेटर किंवा ड्रायव्हर पॅक डाउनलोड करा. अँटिव्हायरस अडवत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. कंपनीच्या साइटवर जुनेच ड्रायव्हर असतात. इथे एका क्लिकमध्ये सगळं लेटेस्ट होतं, बायोससुद्धा. एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण राहिला, तर तो पार्ट गेला समजा.’

पाठवणाऱ्याच्या मनात मदत करण्याचीच इच्छा असते. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीचा आहे, आणि त्याचा फटका बसतो तो घरात एकच लॅपटॉप असलेल्या माणसाला. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘अँटिव्हायरस तेवढा वेळ बंद ठेवा’

सगळ्यात घातक वाक्य हेच. ड्रायव्हर म्हणजे साधं अॅप नव्हे. बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. अॅप बिघडलं तर अॅप बंद पडतं. तिथला ड्रायव्हर बिघडला तर अख्खं मशीन निळ्या स्क्रीनवर येतं. १९ जुलै २०२४ ला हे साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या कर्नल ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीकडून असं घडू शकतं, तर कुणी बनवलंय हेही ठाऊक नसलेल्या पॅकला ती जागा कशासाठी द्यायची?

काही जण म्हणतात, ‘पण ड्रायव्हर साइन्ड असतो ना?’ म्हणजे त्यावर अस्सलपणाची डिजिटल सही असते. ६४ बिट विंडोज सही नसलेला कर्नल ड्रायव्हर सहसा घेत नाही, हे खरं. पण सही असलेल्या जुन्या ड्रायव्हरमध्येही भोकं निघतात आणि हल्लेखोर ती वापरतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट असुरक्षित ड्रायव्हर अडवणारी यादी ठेवते, आणि विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते. एखादा इन्स्टॉलर संरक्षण बंद करायला सांगत असेल, तर तो तिथल्या तिथे डिलीट करा.

‘एका क्लिकमध्ये सगळं होतं’

त्यातलं बरंचसं विंडोज स्वतःच करते, तेही फुकट. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स: इथे ड्रायव्हरांचा वेगळा भाग असतो. बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो, आणि ‘अपडेट सगळी झाली तरी ड्रायव्हर येत नाहीत’ ही तक्रार तिथूनच सुरू होते. आधी तिथे जा, असेल ते घ्या, रीस्टार्ट करा. बऱ्याच लॅपटॉपचं काम इथेच आटोपतं.

‘कंपनीच्या साइटवर जुनेच ड्रायव्हर असतात’

तारीख जुनी असते, पण ड्रायव्हर त्या मॉडेलसाठी तपासलेला असतो. लॅपटॉपचं हे वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवं: साउंड चिप रियलटेकचीच असली, तरी स्पीकर किती, कसे बसवलेत, माइक कुठे आहे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर त्यानुसार जुळवलेला असतो. सरसकट ‘लेटेस्ट’ टाकला की आवाज पिचका येतो किंवा हेडफोन लावूनही स्पीकर चालूच राहतो. हॉटकी, टचपॅड, फिंगरप्रिंट यांचंही तसंच.

ग्राफिक्सचं मात्र वेगळं आहे. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या स्वतःच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्यायला सहसा हरकत नसते. आधी कंपनीचा टाका, मग लागला तर चिपवाल्यांचा.

शोधायचं कसं? लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर सिरीयल नंबर असतो. डेलवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. स्टिकर पुसलं गेलं असेल तर तोच नंबर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सापडतो. बॉक्सवरच्या मॉडेलच्या नावापेक्षा हा नंबर कामाचा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन कंपन्यांची वायफाय कार्ड आलेली असू शकतात. जुन्या मॉडेलच्या पानावर विंडोज ११ दिसत नसेल, तर विंडोज १० चे ६४ बिट ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतात.

‘पिवळा त्रिकोण राहिला म्हणजे पार्ट गेला’

या एका समजुतीपायी लोक नाहक खर्चात पडतात. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या भागांची विंडोजमधली यादी, उघडा आणि त्रिकोणावर डबल-क्लिक करा. जनरल टॅबमध्ये कोड २८ दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर टाकलेला नाही. उलट विंडोजला तो भाग दिसतोय, म्हणजे तो जागेवर आहे. कोड १० किंवा ४३ असेल तर शंकेला जागा आहे, पण तिथेही आधी ड्रायव्हर बदलून पाहायचा.

आता नावं बघा. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुधा वायफाय. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव ऐकून कुणी मोडेम शोधत बसतं, पण इंटेलच्या लॅपटॉपवर ते सहसा मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपसेटमधला इंटेलचा छोटा वेगळा प्रोसेसर असतो. ‘एसएम बस कंट्रोलर’ दिसला की चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर राहिलाय. टचपॅड अजिबात हलत नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अनेक इंटेल लॅपटॉपवर आधी ‘सिरीयल आयओ’चा, म्हणजे टचपॅडला मशीनशी जोडणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर लागतो. तोवर यूएसबी माउस लावा.

नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर डीटेल्स टॅबमध्ये जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. पीसीआयने सुरू होणारी ओळ असेल तर त्यात ‘व्हेन’च्या (VEN) पुढची चार अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात आणि ‘डेव्ह’च्या (DEV) पुढची चार नेमका भाग. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ च्या प्रोसेसरचा नंबर इथे अजून जिवंत आहे), १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. एवढ्यावरून कंपनीच्या पानावरचा कोणता ड्रायव्हर राहिलाय ते नेमकं कळतं.

‘नेटच नाही, मग पॅकशिवाय कसं करणार?’

मेसेजच्या बाजूने केला जाणारा हा एकच युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. माणूस खरोखर अडकतो. पण उपाय हातातच असतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणारी सोय) चालू करा. विंडोज त्याला लॅन कार्डासारखं ओळखते, आणि सेटअपच्या मध्यावर अडलेलं कामही बहुतेक वेळा पुढे सरकतं.

अजून फॉरमॅट मारला नसेल तर त्याहून सोपं आहे. विंडोजमध्येच ‘पीएनपीयूटिल’ नावाची कमांड आहे. तिच्या एक्स्पोर्ट पर्यायाने बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये निघतात. ते पेनड्राइव्हवर घ्या. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडून तो फोल्डर दाखवा, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ला टिक करा.

आणि सेटअपमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर एसएसडी गेली असं लगेच धरू नका. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असेल तर असं घडतं. कंपनीच्या साइटवरचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर एक्स्ट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. तिथे आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती देणारी) फाइल लागते, नुसता सेटअप चालत नाही.

‘बायोससुद्धा लेटेस्ट करा’

बायोसचं अपडेट फक्त लॅपटॉप कंपनीकडूनच, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना. मध्येच वीज गेली तर लॅपटॉप उठणारच नाही अशी वेळ येऊ शकते. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, त्यामुळे ते कधीच करू नये असं नाही. पण त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या अनेकदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात, आणि बायोस बदलल्यावर मशीन ती की मागू शकतं.

असं अपडेटर आधीच टाकून झालं असेल, तर आधी ते अनइन्स्टॉल करा. मग बिघडलेल्या भागाच्या ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा, ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत टिक करा, रीस्टार्ट करा आणि सिरीयल नंबरवरून मिळालेला कंपनीचा ड्रायव्हर टाका.