स्कॅन झाला म्हणून वाडा पाडायचा?

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मोबाईल घेऊन वाड्यात फेरी मारा, नकाशे आपोआप तयार, आर्किटेक्टची गरज नाही. पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल स्कॅनवरून पुन्हा उभं राहिलं, तेव्हा महाल भागातले जुने वाडेही स्कॅन करून खुशाल पाडा. या शेवटच्या सल्ल्यामुळेच हे लिहावं लागतंय.

आधी मोबाईल. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये २०२० पासून लायडार, म्हणजे प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारा सेन्सर आहे, पण त्याची पोच जेमतेम पाच मीटर. एका खोलीला ठीक. चौक, ओसरी, माडी करत फिरलात की चूक साचत जाते. तिपाईवरचा लेझर स्कॅनर काही मिलिमीटरपर्यंत अचूक असतो, मात्र काच आणि आरसे त्यालाही फसवतात. त्यात बऱ्याच यंत्रांची तापमानमर्यादा ४० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात काम पहाटेच उरकायचं.

नकाशे आपोआप होत नाहीत. हाती येतात कोट्यवधी बिंदू, प्रत्येक म्हणजे पृष्ठभागावरची एक मोजलेली जागा. त्यातली मूळ तुळई कुठली आणि मागाहून घातलेला गर्डर कुठला, हे माणूसच ठरवतो.

खरी गोम पुढे आहे: स्कॅनला फक्त वरची कातडी दिसते. महालातल्याच एका वाड्यात ओसरीचा एक सागवानी खांब स्कॅनमध्ये ओळंब्यात, कोरीवकाम शाबूत. तळखड्यालगत, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला, बाहेर आला वाळवीचा भुसा. शेजारचा भेगाळलेला, कललेला खांब ठोकल्यावर खणखणीत वाजला. नुसत्या स्कॅनवर विसंबून नेमका चांगला खांब काढला गेला असता. भिंतीच्या पोटात चुना आहे की माती, पाया किती खोल, लाकडाचे सांधे आतून कसे बसवलेत, हेही त्यात येत नाही.

नोत्र दामचं उदाहरण तर उलटंच आहे. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास केलेलं स्कॅनिंग उपयोगी पडलं, हे खरं. पण १५ एप्रिल २०१९ च्या आगीत दगडी भिंती बऱ्याच अंशी वाचल्या होत्या. छपराच्या लाकडी सांगाड्याची वास्तुविशारदांनी आधीच बारकाईनं मोजणी केली होती. सुतारांनी ओकचे ओंडके कुऱ्हाडीनं तासले, ८० कोटी युरोंहून अधिक देणग्या आल्या, तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली. महालातल्या वाड्यासाठी एवढं कोण करणार आहे? आणि ते जळालं होतं. स्कॅन हाती आहे म्हणून कुणी पाडलं नव्हतं.

वाडा जरूर स्कॅन करून घ्या. पैसे देण्याआधी मूळ बिंदूंची ई-५७ (E57) या फॉरमॅटमधली फाईल मागा, स्कॅन एकमेकांशी जुळवताना किती चूक राहिली त्याचा अहवाल मागा, आणि खांबांचे बुंधे टोचून पाहिल्याची नोंद प्रत्येक खांबाच्या फोटोसकट लिहून घ्या.