किल्ल्या शेजारणीकडे

2011 च्या जनगणनेत आमच्या सिंधुदुर्गात साडेआठ लाखाच्या आसपास माणसं होती आणि 2017 साली अख्ख्या भूतानची लोकसंख्या भरली 7 लाख 27 हजार. म्हणजे देश आमच्या जिल्ह्यापेक्षा लहान, आणि तरी तिथलीही गावं ओस पडतायत.

पूर्व भूतानात त्राशीगांगकडच्या एका गावात चार दिवस राहिले तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. तिथे रिकाम्या घराला शब्दच आहे, गुंगतोंग. कागदोपत्री घर आहे, जमीन आहे, फक्त आत माणूस नाही. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या आमा (आईला तिकडे असंच म्हणतात) साठीच्या पुढच्या, हिंदी मोडकंतोडकं पण कळेल असं. अंगणात उभ्या राहून बोट दाखवत गेल्या, हे घर थिंफूला, ते खालचं फुंटशोलिंगला, त्या घरातली सून-मुलगा ऑस्ट्रेलियाला. मला आमची वाडीच दिसत होती, गणपतीला उघडणारी आणि विसर्जन झालं की कुलूप लागणारी घरं.

लोक म्हणतात आजकालच्या पोरांना शेती नको, चिखल नको. मला हे अजिबात पटत नाही. भूतानने गावागावात शाळा नेली, वीज नेली, रस्ते नेले, शिक्षण फुकट, दवाखाना फुकट, हे खरंच कौतुकाचं आहे. पण दहावी-बारावी शिकलेल्या पोराने त्या उतारावरच्या चिंचोळ्या शेतात करायचं काय? मग तो त्याच रस्त्याने शहराकडे जातो. 2005 ला शहरात राहणारे 31 टक्के होते, 2017 ला 38 च्या जवळ गेले, आणि मुलंही आता कमीच होतायत, बाईमागे सरासरी दोनसुद्धा नाहीत.

पण मला बोलायचंय ते मागे राहिलेल्यांबद्दल. देशाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की 60 टक्के जंगल कायम राहिलं पाहिजे, प्रत्यक्षात 70 च्या आसपास आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ही, फक्त जंगल आणि गाव यांच्यामध्ये माणसाची वहिवाट लागते. शेजारचं घर बंद झालं की त्याचं शेत पडीक, दोन पावसाळ्यांत तिथे रान माजतं आणि रानडुक्कर थेट आमांच्या मक्याच्या बांधावर. मका भरायला लागला की आमा शेतातल्या खोपटात झोपतात, दोरीला पत्र्याचा डबा बांधलेला, झोपेतसुद्धा दोरी ओढायची सवय झालीय. रात्री दोनला तो खडखडाट मी ऐकला आणि सकाळी त्याच बाईने चुलीवर मक्याच्या कण्यांचा भात करून आम्हाला वाढला. पाटाचं पाणी आणायला आधी बारा घरांतली माणसं चर साफ करायची, आता पाच घरांवर तेवढंच काम. म्हणजे जाणारा आपलं ओझं मागच्याच्या खांद्यावर ठेवून जातो, नाइलाजाने का होईना, आणि हे बघत वाढलेली आमांची मुलं तरी कशाला थांबतील?

म्हणून गेलेल्यांना परत कसं आणायचं ही चर्चा मला उलटी वाटते. आधी त्या पाच घरांकडे बघा ना! त्यांच्या शेताला विजेचं कुंपण द्या, चर साफ करायची मजुरी द्या, पडीक जमीन कसायची असेल तर मालकाला फोन करत बसावं लागू नये अशी सोय करा. आपल्याकडेही 2011 ला मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली, माकडं आणि डुक्कर आम्हालाही पुरून उरलेत, आणि आमचीही सगळी चर्चा चाकरमान्यांभोवतीच फिरते.

निघायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आमा पदराच्या गाठीसारख्या कमरेच्या पट्ट्यातून किल्ल्या काढून शेजारच्या बंद घरात गेल्या, तिथल्या देवघरात दिवा लावला, वाट्यांतलं पाणी ओतलं आणि कुलूप लावून परत आल्या. अशी तीन घरं होती त्यांच्याकडे. आमच्या वाडीत काकूकडे चार घरांच्या किल्ल्या आहेत, आणि मागच्या वर्षापासून तिचे गुडघे दुखतायत.