बीटाचा महिना

तीस वर्षं मी सँडविचवाल्याला एकच वाक्य ऐकवत आलोय : "बीट काढून." उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, हिरवी चटणी, सगळं चालतं. ती जांभळी चकती तेवढी नको. स्वतः बसते ती बसते, शेजारच्या बटाट्यालाही रंगवते. तो चकती उचलून परत डब्यात ठेवायचा आणि पैसे मात्र पूर्ण घ्यायचा. बीटाने माझ्या नावावर खातं उघडलंय, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मार्चमध्ये ब्लडप्रेशर निघालं १४६/९२. आमचे डॉक्टर म्हणाले, "गोळीची घाई नको. मीठ कमी करा, रोज चाला, महिन्याने दाखवा." बस. बीटाचा त्यांनी उच्चारही केला नव्हता. बीट आणलं बायकोच्या सकाळच्या फिरणाऱ्या मैत्रिणींनी. लोणचं-पापड त्याच संध्याकाळी हद्दपार झाले आणि त्यांच्या जागी दोन किलो बीट येऊन बसलं.

पहिल्या आठवड्यात ते सोंगं घेऊन येत होतं. आज थालीपीठ, उद्या पुरी, परवा कोशिंबीर. दाण्याचं कूट, दही आणि वरून मिरची-हिंगाची फोडणी या तिघांच्या भरवशावर मी एरवी दगडसुद्धा खाईन. पण दही असं काही गुलाबी झालं होतं की वाटी जेवायला घेतलीये की दार रंगवायला, कळेना. त्यात तो मातीचा वास. माझे चोचले नाहीत हे; बीटात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणाऱ्या वासातही तेच असतं. कॉलेजच्या अंकात मी मृद्गंधावर कविता लिहिली होती. चार कडवी. तीच आता किसून, दही कालवून माझ्या पुढ्यात आली होती.

"खा रे, रक्त वाढतं," आई म्हणाली.

मी मोबाइल पुढे केला. शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्यापेक्षा जास्त त्याच्या पाल्यात असतं, आणि तो तर भाजीवाली मोडून गाईपुढे टाकते.

"मग लाल कशाने झालंय ते?" आईने विचारलं. बेटानिन नावाच्या रंगाने, असं मी सांगितलं. "तेच ते," आई म्हणाली आणि आणखी एक डाव वाढला.

दुसऱ्या आठवड्यात सोंगं संपली आणि रस सुरू झाला. कारण मुलीला कुठेतरी सापडलं की २००९ साली इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठात काही तरुणांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटाचा रस पाजून सायकल मारायला लावली, तर ते १६ टक्के जास्त वेळ टिकले. "बाबा, सोळा टक्के!" माझी सायकल पार्किंगमध्ये २०१४ पासून पंक्चर आहे. पण ही हरकत कुणी नोंदवूनच घेतली नाही.

सकाळी सात वाजता ग्लास. वर गुलाबी फेस, तळाशी चोथा. पिऊन झाल्यावर जीभ, दात, मिशीचं टोक, सगळं लाल. ऑफिसात एकाने हळूच विचारलं, "पान सकाळीच?" म्हणून मी माझ्या अकलेने एक तोडगा काढला. रस पिऊन झाला की माउथवॉशच्या दोन सणसणीत चुळा, दुपारी जेवल्यावर आणखी एक. वासही गेला, रंगही गेला. या तोडग्याचा मला फार अभिमान होता.

मग ती पहाट. साडेपाच, अर्धवट झोप, आणि बाथरूममध्ये खाली पाहतो तर गुलाबी! पाय लटपटले. मृत्युपत्र, मुलीचं लग्न, लॉकरची किल्ली असं सगळं एका मिनिटात आठवून झालं. घरात कुणाला काही न सांगता कोपऱ्यावरची लॅब उघडायच्या आधी बाटली घेऊन दारात उभा. काउंटरवरच्या मुलीने बाटली उजेडात धरली आणि भरल्या बाकड्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "काका, काल बीट खाल्लं होतं का?"

शंभरातल्या दहा-बारा जणांच्या बाबतीत हा रंग न पचता तसाच बाहेर येतो म्हणे. लॉटरीत कधी नंबर लागला नाही, तो इथे लागला. रिपोर्टमध्ये रक्त नव्हतं. मुतखड्याची चाहूलही नव्हती, याचं मात्र मला थोडं वाईट वाटलं. बीटात ऑक्झलेट बरंच, त्यामुळे मुतखडेवाल्यांना ते जपून खायला सांगतात. सुटकेचं तेवढं एकच दार होतं.

महिना भरला. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. १४४/९२.

"बीटाचा रस पितोय रोज," मी तक्रारीच्या सुरात म्हणालो. "एक दिवस चुकवला नाही. शिवाय माउथवॉशच्या चुळा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चुळा कशाला?"

मग त्यांनी समजावलं. बीटातलं नायट्रेट पोटातून रक्तात जातं, रक्तातून लाळेत उतरतं आणि परत तोंडात येतं. तिथे जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात. त्याचं पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं, आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. या नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनाला १९९८ चं नोबेल आहे. दाब उतरला तर थोडासाच उतरतो, पण उतरतो तो याच वाटेने.

मी सरकारी नोकरीतला माणूस, मला लगेच कळलं. फाइल वर जाऊन शिक्क्यासाठी परत खालच्याच टेबलावर येते. आणि तो शिक्का मारणारा कारकून मी रोज दोनदा ठार करत होतो. माउथवॉशच्या बाटलीवर लिहिलंच होतं, "९९.९ टक्के जंतूंचा नाश." एरवी जाहिरातीतलं एक अक्षर खरं नसतं.

"म्हणजे महिनाभराचं बीट..."

"अगदीच वाया नाही," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "फायबर मिळालं. तेही रस गाळत नसाल तर."

बायको रस गाळत नव्हती. पण तळाचा चोथा मी रोज कुंडीत ओतत होतो.

घरी येऊन सगळं खरं सांगितलं. आई म्हणाली, "पण रक्त तरी वाढलं असेल." बायको काही बोलली नाही. तिने माउथवॉशची बाटली उचलली, बेसिनच्या जाळीत रिकामी केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आज तारीख किती?"