वॉशिंग मशीनला वायफाय कशाला?

महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून रान उठलं तेव्हा ब्रिटनमधले माझे सहकारी मला विचारायचे, की तुमच्याकडचे लोक एवढे का बिथरलेत? सायबर सुरक्षा हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे 'अज्ञान, दुसरं काय' असं उत्तर त्यांना अपेक्षित असावं. ते मला देता येईना. मीटर जोरात पळतं की नाही, यावर इतक्या दुरून मी बोलू नये. पण त्या विरोधातला एक सवाल अगदी नेमका होता : आम्ही मागितलं नसताना हे आमच्या घरात का? जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना, सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं जाहीर करावं लागलं.

ब्रिटनमध्ये हा सवाल रस्त्यावर आला नाही, तज्ज्ञांच्या निबंधांत राहिला. केंब्रिजचे संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रॉस अँडरसन यांनी २०१० मध्येच विचारलं होतं, की लाखो घरांची वीज दुरून तोडता येणार असेल, तर ते बटण कोणाच्या हातात असेल आणि भलत्याच्या हाती गेलं तर काय? मीटर तरीही बसले. नाही म्हणायची मुभा होती. पुढे पहिल्या पिढीच्या पुष्कळ मीटरांचं स्मार्टपण ग्राहकाने वीज कंपनी बदलताच गळून पडलं आणि माणसं पुन्हा स्वतः आकडे वाचून कळवू लागली.

भारतातला दुसरा वाद चिनी कॅमेऱ्यांचा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरे विकायचे तर सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे लागतात. हे चांगलंच झालं. पण चर्चा 'कुठे बनला' इथेच अडकते. २०२५ च्या सुरुवातीला राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली महिला रुग्णांची चित्रणं ऑनलाइन विकली जात असल्याचं उघड झालं. ती चोरल्याच्या आरोपाखाली पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडची मुलं होती. परकी गुप्तहेर संघटना नव्हती. जुनं उदाहरण हवं असेल तर २०१६ चं 'मिराई' नावाचा घातक प्रोग्राम घ्या. साठ-एक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघायच्या, एवढंच त्याचं कसब. त्यातून कॅमेऱ्यांची आणि राउटरांची फौज उभी राहिली आणि त्या ऑक्टोबरात तिने ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अर्धी अमेरिका काही तास खोळंबून ठेवली. ते लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे अमेरिकन तरुण होते. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा आजही पत्ता नसेल.

मिराईसारख्या प्रकारांवर ब्रिटनने कायदा केला. २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन वस्तू विकता येत नाही, दोष कळवायला पत्ता द्यावा लागतो आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील ते आधी सांगावं लागतं. ही तिसरी अट मला सर्वांत आवडते आणि सर्वांत अपुरीही वाटते. मुदत सांगायची आहे, किती ठेवायची ते कंपनीच्या मर्जीवर. युरोपीय संघाचा कायदा यापुढे जातो, पण त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ मध्ये लागू होतील.

एक मात्र भारतात काय, ब्रिटनमध्ये काय, फारसं कोणी विचारत नाही : मुळात हे यंत्र इंटरनेटला जोडायचं कशाला? वॉशिंग मशीन दहा-पंधरा वर्षं चालावं अशी आपली अपेक्षा असते. त्यात वायफायची चिप घातली, की त्याच्या मागे एक छोटा संगणक, दुसऱ्यांनी लिहिलेले डझनभर प्रोग्राम, कंपनीचा सर्व्हर, फोनवरचं अ‍ॅप आणि एक खातं एवढं लटांबर येतं. यातलं सगळ्यात कमी आयुष्य कशाचं, तर अपडेट देण्याच्या उत्साहाचं. मोटर ठणठणीत असते, प्रोग्राम सडलेला असतो. आणि बदल्यात मिळालं काय? धुणं झाल्याची सूचना. ती आधी शिट्टी वाजवून मिळत होती.

२०१५ मध्ये सॅमसंगच्या एका फ्रिजमध्ये संशोधकांना असा दोष सापडला, की त्यातून मालकाच्या जीमेलचा पासवर्ड पळवता आला असता. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सचे झाडू मारणारे यंत्रमानव कोणीतरी ताब्यात घेतले आणि ते घरमालकांना शिव्या देऊ लागले. (हसू येतं, पण त्या यंत्राला कॅमेराही असतो.) मला सगळ्यात बोलका वाटतो तो एट स्लीप या कंपनीचा, गादी गरम-गार करणारा पलंग. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्याने सर्व्हर देणारी यंत्रणा, कोलमडली आणि हजार मैलांवरच्या सर्व्हरशी बोलता न आल्याने या पलंगांचं तापमान बदलेना. इथे हल्लेखोर कोणीच नव्हता. नंतर कंपनीने ब्लूटूथवरून चालण्याची सोय दिली. म्हणजे ती देता येत होती!

सगळंच तोडून टाका, असं मी म्हणणार नाही. रात्री वीज स्वस्त असताना गाडी चार्ज करायची तर जोडणीचा उपयोग आहे. आणि आमच्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांची एक दुखरी नस आहे : गावी एकटे राहणारे आईवडील. ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरे लावलेत. चिंता खरी आहे, पण ज्यांच्यावर नजर राहणार त्यांना कोणी विचारलेलं नसतं. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बघायचंय तर फोन कर, मी नीट साडी नेसून बसेन." कॅमेरा लावला नाही. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण दिलं. तेही नेटवर्कवरच चालतं, पण त्याचं काम एकच आहे आणि ते दाबायचं की नाही हे तिच्या हातात आहे.

उपकरणांसाठी भारतात सविस्तर नियम होतील तेव्हा ब्रिटनची नक्कल करण्यावर थांबू नये. खोक्यावर अपडेटच्या मुदतीशेजारी आणखी एक ओळ सक्तीची करावी : इंटरनेट न जोडता या यंत्राची कोणकोणती कामं चालतील. ज्या यंत्राचं मूळ कामच इंटरनेटवाचून अडतं, त्याच्या कंपनीने कारण लिहून द्यावं. स्मार्ट मीटरवरून विरोध करणाऱ्यांनी पुढची मागणी ही करावी.