'डॉलरसाठी गेलेले': स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या रविवारी मी दक्षिण सुदानबद्दल लिहिलं होतं. तिथल्या मलाकाल शहराजवळच्या यूएन शांतिसेनेच्या तळावर भारतीय सैन्यातून काढलेलं वर्ष, आणि २०१३ च्या डिसेंबरात यादवी पेटल्यावर यूएनने तळांची फाटकं उघडून हजारो लोकांना आत घेतलं, त्याबद्दल. त्याखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शस्त्रबंदी, म्हणजे त्या देशाला हत्यारं पुरवण्यावर यूएनची बंदी, यायला साडेचार वर्षं लागली. राष्ट्राध्यक्ष साल्वा किर आणि त्यांचे विरोधक, माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांनीच देश पेटवला आणि त्यांच्याशीच बोलणी करून त्यांनाच पुन्हा खुर्च्या दिल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्याच छावणीवर हल्ला झाला तेव्हा शांतिसैनिकांनी चौक्या सोडल्या. आणि शेवटचं वाक्य: "हे निळ्या टोपीवाले डॉलरसाठी गेलेले, लोकांना वाचवायला नव्हे, लेखकमहाशयांनी आरती ओवाळू नये."

तीन दिवस मी काही लिहिलं नाही. रागाच्या भरात लिहू नये, असं बायकोचं म्हणणं. आज लिहितोय.

आधी माझी चूक. शस्त्रबंदी २०१५ ची असं मी लिहिलं होतं. २०१५ च्या मार्चमध्ये यूएनच्या सुरक्षा परिषदेने नुसती निर्बंधांची चौकट केली, शस्त्रबंदी आली जुलै २०१८ मध्ये, तीही पंधरापैकी नऊ मतांवर, म्हणजे एक मत कमी पडतं तर बारगळली असती. लेखात दुरुस्ती केली आहे. सालाची चूक होती, ती सरळ दाखवता आली असती. त्यासाठी "अभ्यास न करता लिहिणारे" म्हणण्याची गरज नव्हती.

आता डॉलर. अहो, यूएन सैनिकाच्या हातात पगार ठेवत नाही. सैन्य पाठवणाऱ्या सरकारला दर माणशी ठरावीक रक्कम देते. २०१४ च्या जुलैपासून ती महिन्याला १,३३२ डॉलर होती. आम्हाला आमचा पगार आणि वर परदेशातला भत्ता. भत्ता मिळाला, मी कशाला नाकारू? पण भत्ता मिळतो म्हणून माणूस तिथं उभा राहतो, हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?

अकोबोचं नाव तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही. इथिओपियाच्या सीमेलगतचं ते छोटं गाव, तिथं यूएनचा छोटा तळ, त्यात थोडे भारतीय जवान. १९ डिसेंबर २०१३ ला माचार यांच्या नुएर जमातीचे दोनेक हजार हत्यारबंद तरुण तळावर चालून आले, कारण आत किर यांच्या दिन्का जमातीचे लोक जीव मुठीत धरून बसलेले होते. आपले दोन जवान तिथं मारले गेले. आतले नागरिकही मारले गेले, सगळ्यांना वाचवता आलं नाही, हे मी लपवत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला होऊन आपले पाच जण गेले होते. यूएनच्या मोहिमांवर आजवर दीडशेहून जास्त भारतीय जवानांनी प्राण दिले आहेत. त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून तुमचं ते शेवटचं वाक्य म्हणून दाखवा.

मी स्वतः बंदूकवाला नव्हतो. नर्सिंग असिस्टंट होतो, मलाकालला भारताचं लेव्हल टू, म्हणजे शस्त्रक्रियेची सोय असलेलं, हॉस्पिटल होतं तिथं. नाताळच्या सुमारास शहरात लढाई सुरू झाली आणि नंतर मलाकाल इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की कुणाचा ताबा आहे हे आम्ही सकाळी आधी विचारायचो. जखमी दोन्ही बाजूंचे यायचे. कुठल्या जमातीचा, हे उपचारासाठी विचारायचं नाही, पण खाटा मात्र लांब लांब ठेवाव्या लागत. २०१४ च्या फेब्रुवारीत गावातल्या मलाकाल टीचिंग हॉस्पिटलमध्ये शिरून हल्लेखोरांनी रुग्णांना खाटांवरच मारलं. आमच्या तळापासून ते काही मैलांवर. त्या आठवड्यात आमच्याकडं आलेली एक बाई सलाईन लावू देईना. ती फक्त फाटकाकडं बोट दाखवून विचारत होती, बंद आहे ना? दर थोड्या वेळानं तेच.

तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच. उन्हाळ्यात भेगा, पावसात गुडघाभर चिखल. उत्तरेकडच्या बेंतिऊ शहरातल्या यूएनच्या छावणीत तर २०१४ च्या पावसाळ्यात लोक गुडघाभर पाण्यात लेकरं कडेवर घेऊन उभे राहिले. बायका सरपणाला बाहेर पडल्या की त्यांच्यावर अत्याचार व्हायचे, आणि त्यांच्याबरोबर गस्त पाठवायला माणसं पुरायची नाहीत. छावणीत हाल होते, हे मी मूळ लेखातही लिहिलं आहे. आरती म्हणता ती कुठल्या ओळीत दिसली तुम्हाला?

माझे वडील गेले तेव्हा मी मलाकालला होतो. लढाईमुळं विमानं बंद होती, तेराव्यालाही पोचलो नाही. आणि "डॉलर कमावून बंगले बांधले" असंही तुम्ही मध्येच एका ठिकाणी म्हटलंय, तर सांगतो, साताऱ्याकडच्या माझ्या गावात माझ्या दोन खोल्या आहेत. स्लॅब निवृत्तीनंतर फंडातून पडला.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. किर आणि माचार यांच्याशी बोलणी केली म्हणता, मग कुणाशी करायची? ज्याच्या हातात बंदूक त्याच्याशीच बोलावं लागतं. त्या दोघांमधला २०१५ चा शांतता करार पुढच्या जुलैत राजधानी जुबात मोडला, २०१८ ला पुन्हा केला, यापेक्षा त्यावर बोलण्यासारखं मला काही दिसत नाही. २०१६ च्या मलाकाल हल्ल्याच्या वेळी मी मायदेशी परतलो होतो. जिथं मी नव्हतो त्यावर बोलायचं नाही अशी माझी पद्धत आहे. यूएनची चौकशी झाली, चुका मान्य झाल्या, विषय संपला.

पण फाटकाचा मुद्दा मी सोडणार नाही. १९९५ ला बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात यूएनच्या तळावर आसऱ्याला आलेल्या माणसांना बाहेर काढलं गेलं आणि त्या दिवसांत आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. २०१३ ला जुबात तोंगपिंगच्या तळासमोर लोक आले तेव्हा फाटक उघडलं. यूएनची ती मोहीम नव्या देशाचं प्रशासन उभं करायला आली होती, छावण्या चालवायला नव्हे. पाणी होतं ते तिथं राहणाऱ्यांपुरतं, संडास तेवढेच. तरी उघडलं, आणि पुढं सगळ्या तळांवर मिळून दोन लाखांहून जास्त माणसं आत राहिली. ती बाहेर राहिली असती तर काय झालं असतं, ते त्या टीचिंग हॉस्पिटलच्या खाटांवर लोकांनी पाहिलं.

स्पष्टवक्ते साहेब, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. शस्त्रबंदीवर, करारांवर हवं तितकं लिहा. फक्त ते शेवटचं वाक्य मागं घ्या. आणि घेणार नसाल, तर तेच वाक्य तुमच्या खऱ्या नावानं लिहा. माझं नाव या ब्लॉगवर पहिल्या दिवसापासून आहे.