‘एकच वाइन सहा वेळा पाजली’ : तुमच्या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार.

इटलीतल्या बारोलो या लाल वाइनच्या आमच्या टेस्टिंगला तुम्ही दोन तारे दिलेत आणि तक्रारी सहा लिहिल्यात, म्हणजे ग्लासामागे एक. एकच वाइन सहा वेळा पाजली. रंग पाणी घातल्यासारखा होता. 2014 सारख्या पडेल वर्षाच्या द्राक्षांची बाटली गळ्यात मारली. तळाला गाळ होता. शेवटच्या ग्लासाला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. आणि एवढे पैसे घेऊन खायला काय, तर सुक्या काड्या. वर नाशिकला निम्म्या पैशांत यापेक्षा छान टेस्टिंग होतं आणि थुंकायच्या भांड्याने बाबांचा अपमान झाला, हेही लिहिलंत.

पुठ्ठ्याच्या वासापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ती 2008 ची बाटली बुचामुळे बिघडलेली होती. बुचाच्या सालीत कधी कधी बुरशीमुळे टीसीए नावाचं संयुग तयार होतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढं जरी वाइनमध्ये उतरलं, तरी फळाचा वास मरतो आणि पावसात भिजलेल्या खोक्याचा वास राहतो. प्रकृतीला अपाय नाही, पण वाइन गेलेली असते. माझ्या सहकाऱ्याने तुम्हाला सांगितलं की जुन्या बारोलोला असाच वास येतो. नाही येत. जुन्या बारोलोला वाळलेल्या गुलाबाचा, डांबराचा, ज्येष्ठमधाचा, कधी जंगलातल्या ओल्या पाचोळ्याचा वास येतो. पाचोळा आणि पुठ्ठा यांत नवख्याची गल्लत होऊ शकते. आमची होऊन चालत नाही. मी तेव्हा खाली तळघरात पुढच्या गटाच्या बाटल्या उघडत होते. तुम्ही गेल्यावर उरलेला घोट चाखला आणि कपाळावर हात मारला. टेबलावरचे बाकीचे नऊ जण मान डोलावत बसले होते, तुम्ही एकट्या बोललात आणि तुम्हालाच गप्प केलं गेलं. त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्हा तिघांच्याही पैशांतला एक तृतीयांश भाग परत करते आहे.

आता 2014. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

मी मूळची द्राक्षांच्या तासगावकडची. आमच्याकडे वर्ष चांगलं की वाईट हे पुस्तकात वाचावं लागत नाही, वडिलांच्या चेहऱ्यावर दिसतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने बागा झोडपल्या, हे तुम्हालाही आठवत असेल. त्याच वर्षी इथे, बारोलो जिथे होते त्या लांगेच्या टेकड्यांवर उन्हाळाभर पाऊस पडत राहिला, काही ठिकाणी गाराही पडल्या आणि पानांवर पेरोनोस्पोरा आला. पेरोनोस्पोरा म्हणजे आपल्याकडचा द्राक्षांवरचा डाऊनी रोग, दुसरं काही नाही. दोल्चेत्तो, बार्बेरा या आधी पिकणाऱ्या द्राक्षांचे हाल झाले. बारोलो ज्यापासून होते ते नेब्बिओलो मात्र उशिरा पिकतं, ऑक्टोबरपर्यंत वेलीवर असतं. त्याला शरदातलं ऊन मिळालं. ज्यांनी कुजके घड निर्दयपणे तोडून टाकले त्यांना माल कमी मिळाला, पण नीट मिळाला.

बारोलोला कायद्याने निदान 38 महिने मुरावं लागतं, त्यातले 18 लाकडात. म्हणजे 2014 ची वाइन बाजारात आली ती 2018 मध्ये, तोवर ‘पडेल वर्ष’ हा शिक्का कधीच बसून गेला होता. तुम्ही जिथे वाचलंत तिथे सगळ्या प्रदेशाला मिळून एक गुण दिलेला असतो. बारोलोची गावं अकरा आहेत. गारा एका टेकडीवर पडतात आणि समोरची कोरडी राहते. 2002 घ्या. त्या वर्षीची गारपीट इतकी वाईट की कित्येकांनी बारोलो भरलीच नाही, आणि त्याच वर्षीची जाकोमो कॉन्तेर्नो घराण्याची मोनफोर्तिनो ही बारोलो लोक आजही शोधत फिरतात.

त्यामुळे ती बाटली स्वस्तात मिळाली म्हणून तुमच्यापुढे ठेवली नव्हती. (स्वस्त मिळाली हे खरं आहे, खोटं कशाला बोलू.) ती 2016 आणि 2017 च्या शेजारी मुद्दाम ठेवली होती. 2017 ला उन्हाळा कडक आणि कोरडा, तोडणी लवकर, वाइनमध्ये पिकलेल्या फळाचा गोडसरपणा आणि दारूची ऊब. 2016 ला हंगाम लांब आणि निवांत, म्हणून सगळं जागच्या जागी, पण अजून कोवळी आणि तुरट. 2014 अंगाने बारीक, पण गुलाबाचा वास तिन्हींत तिचाच मोकळा. तुमच्या टेबलावर 2016 चे ग्लास निम्मे उरले होते आणि 2014 चे सगळे रिकामे, हे मी ग्लास उचलताना पाहिलं.

एकच वाइन सहा वेळा, ही तक्रार म्हणजे खरं तर या कार्यक्रमाचं वर्णन आहे. एकच घराणं, सेर्रालुंगा गावातला एकच मळा, एकच द्राक्ष. बदलतं ते फक्त वर्ष. इटालियनमध्ये याला ‘व्हेर्तिकाले’ म्हणतात. नाशिकला तुम्हाला पाच निरनिराळ्या वाइन एकाच बैठकीत देतात, मजा येते, मीही सुट्टीत जाते. ते थाळीसारखं आहे. हे म्हणजे एकाच घरची, वेगवेगळ्या वर्षांची लोणची चाखणं. कुणाला ते कंटाळवाणं वाटू शकतं, यात राग नाही. पण बुकिंगच्या पानावर मी नुसतं ‘सहा वाइन’ असं लिहिलं होतं, ती चूक माझी. आता तिथे ‘एकाच वाइनची सहा वर्षं’ असं आहे.

रंगाचं थोडक्यात. नेब्बिओलोच्या सालीतला रंगच मुळात फिका आणि लवकर उडणारा. तरुणपणीही ग्लासातून बोटं दिसतात, आणि वय वाढेल तशी कड विटकरी होत जाते. ताकद रंगात नसते, तुरटपणात असते. गाळ म्हणजे त्याच तुरट द्रव्याचा आणि रंगाचा वर्षानुवर्षं बसलेला साका. म्हणूनच जुनी बाटली आम्ही दोन दिवस आधी उभी करून ठेवतो आणि हलक्या हाताने निथळून घेतो. 2006 च्या बाटलीचा शेवट तुमच्या बाबांच्या ग्लासात गेला. तो ओतायला नको होता.

काड्यांची गोष्ट वेगळी. त्या ‘ग्रिस्सीनी’, तोरिनोकडच्या. तुमच्या बुकिंगवर ‘शुद्ध शाकाहारी’ होतं, म्हणून डुकराची चरबी न घातलेल्या, ऑलिव्ह तेलातल्या शोधून आणल्या होत्या. चीज ठेवलं नाही, कारण इथल्या बहुतेक जुन्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. हे सगळं मी मनात ठरवलं आणि तुम्हाला काहीच सांगितलं नाही, तेव्हा तुम्हाला कंजूषपणा दिसणारच. शिवाय तुरट वाइन लाळेतली प्रथिनं ओढून घेते, म्हणून कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड कोरडं पडतं. अशा वेळी चीजचा तुकडा मोठा आधार असतो. आता वनस्पतीजन्य रेनेटचं मेंढीचं चीज देणारा एक गवळी सापडला आहे. तिसऱ्या ग्लासानंतर ते येईल.

आणि चाखलेली वाइन थुंकायचं भांडं. तुमच्या बाबांना तो अपमान वाटला, असं तुम्ही लिहिलंत. काकांना सांगा, इथे खुद्द वाइन करणारेच सगळ्यांत जास्त थुंकतात. 50 मिलीचे सहा ग्लास म्हणजे 300 मिली, तीही 14 टक्क्यांची, आणि तुम्हाला तिथून ला मोर्रा गावाच्या वळणांवरून भाड्याची गाडी चालवत जायचं होतं. पण भांडं टेबलाच्या मध्यभागी, जेवणाच्या ताटासारखं ठेवायला नको होतं, हे पटलं. ते आता बाजूच्या स्टुलावर असतं.

पैसे ज्या कार्डावरून भरलेत त्यावरच आठवड्याभरात येतील. नाही आले तर बुकिंगच्याच मेलवर कळवा.