जहांगीरच्या पायरीवरून परत फिरणाऱ्यांसाठी

परवा शाळेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. "मुलांना सुट्टी लागलीये. मुंबईत सध्या बघण्यासारखी चित्रप्रदर्शनं कुठली आहेत ते सांग, तू सारखी जात असतेस." मी तिला पाच-सहा ठिकाणं लिहून पाठवली. तिचं उत्तर आलं, "अगं, पण तिथे आपल्याला आत सोडतात का? काही विकत घ्यायचं नसलं तरी?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आज सविस्तर लिहायचं ठरवलं. पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाचा.

माझं ऑफिस फोर्टात आहे. गेली २२ वर्षं आठवड्यातून एकदा तरी मी जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून जहांगीर आर्ट गॅलरीत जाते. वीस मिनिटं मिळतात, कधी अर्धा तास. तेवढ्यात एक हॉल नीट बघून होतो. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या आठवणीसाठी ही गॅलरी शहराला दिली. तेव्हापासून आजपर्यंत तिथे तिकीट नाही. रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कुणीही आत जावं, कितीही वेळ थांबावं. तिथे मला एकदाही कुणी नाव विचारलं नाही. बाहेर धो धो पाऊस असताना भिजलेली छत्री दाराशी टेकवून आत आलेले लोक मी पाहिलेत. आले ते पाऊस टाळायला, आणि तासभर एखाद्या निसर्गचित्रासमोर रमले.

तरीही माझे स्वतःचे वडील कित्येक वर्षं त्या दारातून आत गेले नव्हते.

अण्णा पेंटर. डोंबिवली आणि आसपासच्या भागात त्यांनी चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाने, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, गणेशोत्सवाच्या कमानी. सुताला खडू लावून दोन रेघा मारायच्या आणि त्यांच्यामध्ये अक्षर बसवायचं. अक्षराला डावीकडून उजेड धरून उजवीकडे शेड द्यायची. लहानपणी आमच्या घराला टर्पेंटाइनचा वास असायचा आणि मला तो अजूनही आवडतो. मग फ्लेक्स आला. दोन-तीन वर्षांत कामं आटली आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात पडून राहिले.

अण्णा फोर्टात आले की मी म्हणायची, चला, जहांगीरला जाऊ. ते यायचे, पण पायरीपर्यंतच. बाहेर फूटपाथवर जे चित्रकार बसतात, समोर बसवून पाच-दहा मिनिटांत माणसाचं तोंड कागदावर उतरवतात, त्यांच्याजवळ उभे राहायचे. "तू जाऊन ये, मी इथे बघतो."

याला कारण होतं. फार पूर्वी आम्ही दोघं दक्षिण मुंबईतल्या एका खाजगी गॅलरीत गेलो होतो. नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. दारावरच्या माणसाने अण्णांच्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय काम आहे?" मी म्हटलं, चित्रं बघायचीत. त्याने आत सोडलं, पण मागे मागे फिरत राहिला. भिंतीवर प्रत्येक चित्राशेजारी बारीक टाइपात इंग्रजी मजकूर होता. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. पाच मिनिटांत ते म्हणाले, "चल, आपलं काय काम इथे." त्यानंतर ते कुठल्याच गॅलरीत यायला तयार होईनात.

२०१९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे आपण ज्याला एनजीएमए म्हणतो तिथे, चित्रकार प्रभाकर बर्वे यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं. मी जवळजवळ भांडूनच अण्णांना नेलं. रिगलच्या चौकातली ती इमारत म्हणजे १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल. एके काळी तिथे सभा आणि मैफली व्हायच्या, १९९६ पासून चित्रं असतात. आत अर्धगोल जिने चढत वरवर जायचं आणि शेवटी घुमटाखाली पोचायचं, अशी रचना आहे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी दमाने चढावं, पण वरपर्यंत नक्की जावं.

बर्वे मूळचे नागावचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं केली. त्यांच्या चित्रांत घड्याळ असतं, पान असतं, एखादं फळ, पाकीट, शिंपला. रोजच्याच वस्तू, पण अशा ठेवलेल्या की पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटावं. मी अण्णांना यातलं काही सांगायच्या बेतात होते. तोवर ते एका चित्राच्या अगदी जवळ जाऊन, मान वाकडी करून, बाजूने उजेड कसा पडतोय ते बघत होते. मी शेजारचं लेबल वाचायच्या आत म्हणाले, "अगं, हे आपलं ऑइलपेंट आहे. डब्यातलं."

लेबलवर लिहिलं होतं, एनॅमल ऑन कॅनव्हास. म्हणजे तोच डब्यातला रंग.

मग पुढचा तासभर अण्णाच बोलत होते. एनॅमल असं सपाट बसवायला काय कष्ट पडतात, थर जाड झाला की सुरकुती कशी येते, पावसाळ्यात सुकत नाही आणि ओलं असताना वाऱ्याने धूळ बसली की सगळं काम कसं वाया जातं. "या माणसाचा ब्रश कुठे दिसतच नाही बघ," असं ते तीन-चारदा म्हणाले. शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची मुलं फोन खिशात ठेवून ऐकत होती. मी तोपर्यंत बर्व्यांवर बरंच वाचलं होतं. पण त्या दिवशी चित्राचा पृष्ठभाग मला अण्णांनी दाखवला.

म्हणून मला तळमळीने सांगायचंय ते हे. बघायची नजर आपल्या घरांमध्ये आहे. सुतारकाम केलेल्या काकांकडे आहे, साड्यांचे काठ जुळवणाऱ्या मावशीकडे आहे, रांगोळीत रंग भरणाऱ्या आजीकडे आहे. त्यांना आपण दारापर्यंतच नेतो, किंवा तिथवरही नेत नाही.

आणि या भिंतींवर जी कला आहे ती तरी कुणाची? हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. कृष्णाजी आरा लोकांच्या घरी नोकर होते, गाड्या धूत होते. हरी अंबादास गाडे विदर्भातले. सूझा गोव्यातल्या सालिगावचे. १९४७ साली हे चौघं, रझा आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. ज्यांची चित्रं आज कोटींना विकली जातात ते वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत राहत होते. घाटकोपरच्या अतुल दोडियांनी तर दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं केली. शटर वर उचललं की मागे दुसरं चित्र दिसतं. त्याचा फोटो मी अण्णांना दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पट्ट्यांवर रेघ तुटते, ती यांनी कशी सांभाळली?" असा प्रश्न मला कधीच सुचला नसता.

आता भाषेबद्दल. मुंबईतल्या काही संग्रहालयांत मराठी मजकूर असतो, ते बघून बरं वाटतं. पण खाजगी गॅलऱ्यांत बहुतेक वेळा भिंतीवरचं निवेदन फक्त इंग्रजीत असतं. मी हे बोलले की लोक म्हणतात, चित्राला भाषा लागत नाही. मग इंग्रजीत तरी कशाला लिहिता? इंग्रजी वाचणाऱ्याला चार ओळींचा आधार लागतो असं तुम्हीच मानता, तर मराठी वाचणाऱ्याला तो का नको? शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. जलरंग, तैलरंग, रेखाटन, मुद्राचित्र, व्यक्तिचित्र, अमूर्त, मांडणशिल्प, हे सगळे शब्द वापरात आहेत. एक पानभर मजकूर मराठीत करून घ्यायला गॅलरीला फार खर्च येत नाही. मी जिथे जाते तिथे अभिप्रायाच्या वहीत हे लिहिते. दरवेळी, मराठीतच. तुम्हीही लिहा. वही कुणीतरी वाचतंच.

मैत्रिणीला दिलेली यादी इथे जशीच्या तशी देत नाही, पण जायचं कसं आणि कुठे ते सांगते. उपनगरातून येणाऱ्यांना आता मेट्रो ३ने हुतात्मा चौकाला उतरता येतं, तिथून काळा घोडा चालत अगदी जवळ, जहांगीर तिथेच आहे. जहांगीरमध्ये प्रदर्शनं मंगळवारी बदलतात आणि सोमवारी संपतात. एकाच इमारतीत वेगवेगळ्या हॉलमध्ये वेगवेगळ्या कलाकारांची कामं असतात, त्यामुळे एक नाही पटलं तर शेजारी दुसरं आहे. पावसाळ्यातल्या मान्सून शोमध्ये नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांचं काम असतं. मला ते फार आवडतं, कारण त्यात धाडस असतं. एनजीएमए सोमवारी बंद. समोरचं वस्तुसंग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं, सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातली आधुनिक चित्रं दाखवणारं दालन आहे, ते बरेच जण न बघताच परततात.

डिझाइनची आवड असलेल्या मुलांना जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन दाखवा. संस्था १८५७ सालची, आवारात झाडं आहेत, आणि विद्यार्थी स्वतः आपल्या कामाजवळ उभे असतात. पवईच्या आयआयटीत आयडीसीच्या, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाच्या, मुलांच्या कामाचं प्रदर्शन लागतं तेही चुकवू नये. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं आपण ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी वाचत आलो, तो घडवणारे र. कृ. जोशी याच आयडीसीत शिकवत होते. अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं, हे मुलांना एकदा कळलं की रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती वेगळ्या डोळ्यांनी वाचतात.

आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. राणीच्या बागेत जाणारी माणसं त्याच्या शेजारून थेट पेंग्विन बघायला जातात. १८७२ सालची वास्तू, २००८ मध्ये नीट दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. आत सोनेरी नक्षीचे खांब, हिरवट भिंती, आणि काचेच्या कपाटांत मातीच्या इवल्याशा मूर्ती. कारागीर, खेळ, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या घातलेले जुन्या मुंबईचे लोक. या जुन्या वस्तूंच्या मधोमध आजच्या कलाकारांना काम मांडायला बोलावतात, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. जुनं आणि नवं एकमेकांना काही विचारतंय असं वाटतं. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. आणि ज्या पुतळ्यावरून काळा घोडा चौकाला नाव पडलं, तो १९६५ साली तिथून हलवलेला घोडा, वर बसलेल्या राजासकट, इथेच आहे. चौकातला आत्ताचा घोडा २०१७चा, त्याच्यावर स्वार नाही. मुलांना दोन्ही दाखवा, गोष्ट त्यांची ती जोडतात. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

जहांगीरसारखीच कुलाबा-फोर्टातल्या खाजगी गॅलऱ्यांमध्येही फी नसते. त्या बऱ्याचदा जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात आणि दार बंद दिसतं. बेल वाजवा. केमोल्ड ही गॅलरी १९६३ पासून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती, २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. जिथे भव्य लाकडी जिना दिसेल आणि आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटेल, तिथेही वर जा. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा ओळीने सगळ्या बघता येतात.

एक विनंती. जहांगीरमध्ये कोपऱ्यात टेबलाशी बसलेला माणूस बहुतेक वेळा स्वतः चित्रकार असतो. काही वर्षं थांबून, भाडं भरून त्याला तो एक आठवडा मिळालेला असतो. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरहून टेम्पोत कॅनव्हास घालून तो आलेला असतो. त्याच्याशी बोला. 'छान आहे' एवढंच म्हणून निघू नका. हा रंग इथे का, हे विचारा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आजवर मला एकाही चित्रकाराने त्यासाठी हिणवलेलं नाही. उलट खुर्ची ओढून बसवलं आहे.

गेल्या वर्षी असंच झालं. देवनागरी सुलेखनाचं प्रदर्शन होतं. अण्णा एका 'क्ष'समोर उभे राहून हवेत बोट फिरवत होते. तो तरुण मुलगा उठून आला. म्हणाला, "काका, तुम्ही लिहिता का?" अण्णा म्हणाले, "बोर्ड रंगवायचो." मग दोघांमध्ये शिरोरेषेवरून वाद लागला. अण्णांचं म्हणणं, आधी रेघ मारायची, मग तिला अक्षर लटकवायचं. मुलगा म्हणाला, आम्ही आधी अक्षर, रेघ शेवटी. अखेर त्याने अभिप्रायाची वही उघडली आणि आपला कटनिब पेन अण्णांच्या हातात दिला. अण्णांचा हात आता थोडा कापतो. पण त्यांनी रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. नावापुढे 'पेंटर' लिहिलं, पूर्वी बोर्डाच्या कोपऱ्यात लिहायचे तसं.

त्या मैत्रिणीला मी आज सकाळी फोन केला. येत्या रविवारी साडेअकराला मी आणि अण्णा जहांगीरच्या पायऱ्यांवर असू. ती मुलांना घेऊन येतेय. आणखी कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. येताना आजी-आजोबांना घेऊन या. चपला कशाही चालतील.